बहुप्रावस्था प्रवाहाचे गणितीय विश्लेषण व संख्यात्मक प्रतिमान : तेलक्षेत्रातील जल-अंतःक्षेपणाच्या संदर्भात

प्रस्तावना :

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्राच्या तळाखाली, फेब्रुवारी १९७४ मध्ये खनिज तेलाचा साठा सापडला. तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या ‘सागर सम्राट’ या वेधन-जहाजाने लावलेला हा शोध ‘बॉम्बे हाय’ या नावाने घरोघरी पोहोचला. मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. १९८०च्या दशकात समुद्राचे पाणी गाळून, त्यातील ऑक्सिजन काढून ते खडकात दाबाने सोडण्यास प्रारंभ झाला. तेल काढताना साठ्यातील दाब उतरत जातो. हे पाणी तो दाब सावरून धरते आणि तेलाला उत्पादन-विहिरीकडे ढकलते. या क्रियेस जल-अंतःक्षेपण म्हणतात.

जमिनीखाली तेलाचे एखादे तळे असावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तेल हे खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, पाण्याच्या व कित्येकदा वायूच्या शेजारी, अडकून राहिलेले असते. त्यामुळे एका विहिरीतून सोडलेले पाणी शेजारच्या उत्पादन-विहिरीत केव्हा पोहोचेल, आणि पोहोचेल तेव्हा मागे किती तेल उरलेले असेल, हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका सोपा नाही. विहिरीतून तेलाऐवजी पाणी येऊ लागले की ते वेगळे करण्याची यंत्रणा लागते, फलाटावरील जागा लागते आणि खर्च वाढतो. ही यंत्रणा किती क्षमतेची आणि केव्हा उभारावी, हे काही वर्षे आधी ठरवावे लागते. तो निर्णय शेवटी गणितावरच विसंबून असतो.

या गणिताच्या मुळाशी एक लहानसे आंशिक अवकल समीकरण आहे. द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम पाळूनही त्याला एकाहून अधिक उत्तरे संभवतात आणि त्यांतील एकच निसर्गाला मान्य असते. संगणकावरील पद्धती चुकीची निवडली तर जालक कितीही बारीक केले तरी आकडे नेटाने चुकीच्याच उत्तराकडे जातात. प्रस्तुत लेखात याच एका मुद्द्याचा विचार केला आहे. नळांतील वायू-द्रव मिश्रणाचा प्रवाह, अणुभट्टीतील उकळते पाणी, नदीतील गाळ हे सर्व बहुप्रावस्था प्रवाहाचेच प्रकार असले तरी येथे सच्छिद्र खडकातील प्रवाहापुरतीच मर्यादा घालून घेतली आहे.

प्रावस्था आणि सच्छिद्र माध्यम :

द्रव व वायू यांना मिळून द्रायू असे म्हणतात. एकमेकांत न मिसळणारे आणि स्पष्ट सीमेने विभागलेले दोन किंवा अधिक द्रायू एकाच जागेतून वाहत असतील तर त्यास बहुप्रावस्था प्रवाह म्हणतात. नवा माठ वापरायला काढण्यापूर्वी पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. त्या वेळी त्याच्या अंगातून बारीक बुडबुडे निघत राहतात. मातीच्या छिद्रांत आधी हवा असते. केशाकर्षणाने पाणी आत शिरते आणि हवेला बाहेर काढते. एका द्रायूने दुसऱ्याला हुसकावून त्याची जागा घेण्याचा हा घरगुती नमुना तेलक्षेत्रातील घडामोडीहून तत्त्वतः वेगळा नाही.

एकाच द्रायूच्या प्रवाहाचा नियम आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने त्याने वाळूच्या उभ्या स्तंभांतून पाणी सोडून मोजमापे घेतली होती. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर प्रवाहाचा वेग दाबाच्या उताराच्या समप्रमाणात व श्यानतेच्या, म्हणजे द्रायूच्या दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. आणि द्रायूला वाट देण्याची खडकाची जी क्षमता, तिला पार्यता म्हणतात.

दोन द्रायू एकाच वेळी असतील तर काय करावे, याचे उत्तर मिळण्यास पुढे ऐंशी वर्षे जावी लागली. मस्कट व मेरेस यांनी १९३६ मध्ये दार्सीचा नियम प्रत्येक प्रावस्थेस स्वतंत्रपणे लावला व पार्यतेला एका गुणकाची जोड दिली. या गुणकास सापेक्ष पार्यता म्हणतात. पाण्याच्या दृष्टीने तेल हाही जणू खडकाचाच भाग असतो. ते वाट अडवून बसलेले असते. म्हणून छिद्रांतील जितका भाग पाण्याने व्यापलेला आहे, म्हणजे जितकी जलसंपृक्तता आहे, त्यावर पाण्याची सापेक्ष पार्यता अवलंबून राहते. तेलाचेही तसेच. येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही प्रावस्थांच्या सापेक्ष पार्यतांची बेरीज सामान्यतः एक भरत नाही. संपृक्ततेच्या वर्गाच्या प्रमाणात पार्यता धरली, तर निम्मे पाणी व निम्मे तेल असताना प्रत्येकाच्या वाट्यास पाव भागच येतो आणि बेरीज अर्धीच होते. दोघे एकमेकांच्या वाटेत येतात आणि उरलेली अर्धी क्षमता कोणाच्याच पदरात पडत नाही.

सापेक्ष पार्यता हा निसर्गाचा मूलभूत नियम नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. प्रयोगशाळेत खडकाच्या बोटभर लांबीच्या नमुन्यावर मोजलेला तो एक अनुभवजन्य वक्र असतो, आणि पुढचे सर्व कठोर गणित या काहीशा मऊ जमिनीवर उभे असते.

बकली-लेव्हरेट समीकरण :

बकली व लेव्हरेट या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९४२ मध्ये या प्रवाहाचे सर्वांत साधे गणितीय रूप मांडले. खडकाचा एक सरळ आडवा पट्टा कल्पिला, त्याच्या एका टोकाने पाणी स्थिर दराने आत सोडले आणि दुसऱ्या टोकाने जे निघेल ते मोजले. दोन्ही द्रव दाबाने आकुंचन पावत नाहीत असे धरले. केशिक दाब तूर्त बाजूस ठेवला. पट्ट्याच्या एका पातळ कापात जितके पाणी शिरते त्यातून जितके बाहेर पडते ते वजा केले असता तेथील पाण्याची वाढ मिळते. एवढ्या एका वाक्यातून पुढील समीकरण निघते :

∂स/∂ट + ∂फ(स)/∂क्ष = ०

येथे ‘स’ ही जलसंपृक्तता, ‘क्ष’ हे अंतर आणि ‘ट’ हा काळ होय. पट्ट्याची लांबी एक धरली आहे. काळ मात्र घड्याळाने मोजलेला नाही; छिद्रांच्या एकूण घनफळाइतके पाणी आत गेले की ट = १ असे मानले आहे. छिद्रांत कायमचे अडकून राहणारे पाणी व तेल हिशेबातून वगळले असून ‘स’ शून्यापासून एकपर्यंत बदलते. ‘फ(स)’ म्हणजे एकूण प्रवाहातील पाण्याचा अंश. पाणी व तेल यांच्या श्यानतांचे गुणोत्तर ‘म’ मानले आणि वर उल्लेखिलेला वर्गाचा नियम वापरला, तर

फ(स) = स² / [स² + म(१ − स)²]

असे सूत्र मिळते. तेल पाण्याच्या तिप्पट दाट असेल तर म = १/३. मग छिद्रांत शेकडा २५ भाग पाणी असताना प्रवाहातही शेकडा २५ भागच पाणी असते. परंतु छिद्रांत ५० भाग पाणी झाले की प्रवाहात ते ७५ भाग होते, आणि छिद्रांत ७५ भाग झाले की प्रवाहात ९६ भागांहून अधिक. ‘फ’चा आलेख इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणे आधी सपाट, मध्ये चढता व शेवटी पुन्हा सपाट होतो. पुढील सर्व गुंतागुंत या वळणामुळे निर्माण होते. आलेख सरळ रेषा असता तर या विषयाची दखल घेण्याचे कारणच उरले नसते.

एका समीकरणाची तीन उत्तरे :

अशा समीकरणाचे उत्तर काढण्याची परिचित रीत म्हणजे प्रत्येक संपृक्ततेचा प्रवासवेग काढणे. तो वेग ‘फ’च्या आलेखाच्या चढाइतका, म्हणजे फ′(स) इतका असतो. म = १/३ असताना संपृक्तता शून्य किंवा एक असेल तर हा वेग शून्य येतो, आणि स सुमारे ०.३३ असताना तो सर्वाधिक, सुमारे २.२, असतो. म्हणजे मधल्या संपृक्तता पुढे धावतात. अधिक व कमी दोन्ही मागे राहतात. आलेख काढला तर समुद्राच्या लाटेप्रमाणे तो पुढे कलंडतो आणि खडकाच्या एकाच ठिकाणी तीन निरनिराळ्या संपृक्तता दाखवतो. लाटेला कलंडता येते, कारण तिच्या शिखराखाली मोकळी हवा असते. एकाच छिद्रसमूहात मात्र एकाच क्षणी पाणी १० टक्के, ४० टक्के आणि ६० टक्के असू शकत नाही. तरीही हे उत्तर शब्दशः घेतले तर पाण्याचा पहिला अंश ट = १/२.२, म्हणजे सुमारे ०.४५ या वेळी विहिरीत पोहोचेल असे भाकीत करावे लागते.

दुसरे उत्तर नेमके उलट टोकाचे आहे. पाणी दट्ट्याप्रमाणे पुढे सरकते, त्याच्या मागे केवळ पाणी व पुढे केवळ तेल, आणि मध्ये उभी भिंत. हिशेब तपासला तर यात एका थेंबाचीही चूक सापडत नाही. जितके पाणी आत गेले तितकेच तेल बाहेर आले. या उत्तराप्रमाणे पाणी ट = १ या वेळी येते आणि तोवर शंभर टक्के तेल हाती लागलेले असते. गणितीय परिभाषेत हेही समीकरणाचे एक दुर्बल उत्तर आहे. म्हणजे खंडित जागी अवकलन करता येत नसले तरी संकलनाच्या रूपात समीकरण त्याला मान्यता देते.

तिसरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. आघाडीवर संपृक्ततेची एक झेप असते, परंतु ती शून्यापासून थेट एकपर्यंत जात नाही. एका विशिष्ट संपृक्ततेपर्यंतच जाते आणि तिच्या मागे संपृक्तता हळूहळू चढत जाते. अशा झेपेस आघात म्हणतात. बकली व लेव्हरेट यांनी कलंडलेल्या आलेखाचे दोन बाजूंचे क्षेत्रफळ समान करून झेपेचे स्थान ठरवले. वेल्ज याने १९५२ मध्ये तीच गोष्ट अधिक सुटसुटीत केली : आरंभबिंदूपासून ‘फ’च्या आलेखास स्पर्शिका काढावी, ती जेथे टेकेल ती आघाताची संपृक्तता आणि तिचा चढ म्हणजे आघाताचा वेग. वरील सूत्रासाठी बीजगणित सोपे असून आघाताची संपृक्तता √[म/(१ + म)] इतकी येते. म = १/३ असता ती नेमकी ०.५, तेथे फ = ०.७५, आणि म्हणून वेग १.५ होय. पाणी ट = २/३ या वेळी, सुमारे ०.६७ छिद्र-घनफळ पाणी सोडल्यावर, विहिरीत येते.

म्हणजे एकच समीकरण, एकच खडक आणि तेच दोन द्रव असताना पाण्याच्या आगमनाचे तीन काळ मिळाले : ०.४५, ०.६७ आणि १. यांतील मधलाच खरा का? समीकरण स्वतः त्याचे उत्तर देत नाही. ते बाजूस ठेवलेल्या केशिक दाबात आहे. केशिक दाब संपृक्ततेतील तीव्र फरक किंचित पुसट करतो. समीकरणात तो विसरणाच्या एका लहान पदाच्या रूपाने येतो. हे पद ठेवून उत्तर काढले आणि मग ते पद शून्याकडे नेले, तर तिसरे उत्तर शिल्लक राहते, दुसरे राहत नाही. दट्ट्यासारखी भिंत क्षणभर जरी पुसट झाली तरी मधल्या संपृक्तता तिच्यापुढे पळून जातात व ती पुन्हा कधीच उभी राहत नाही. ओल्गा ओलेइनिक या रशियन गणितज्ञेने खऱ्या आघाताची सर्वसाधारण अट सिद्ध केली. आघाताच्या दोन टोकांना जोडणारी जीवा आणि मधल्या प्रत्येक संपृक्ततेपर्यंतच्या जीवा यांच्या उतारांची तुलना करणारी ही अट आहे. वायूंच्या आघात तरंगांत हेच काम उष्मागतिकीतील एंट्रॉपी करते, म्हणून तिला एंट्रॉपीची अट असे नाव पडले. तेल-पाण्याच्या प्रवाहात एंट्रॉपीचा थेट संबंध नसतानाही ते नाव रूढ झाले आहे.

तेल जितके दाट तितके पाणी लवकर येते. तेल पाण्याच्या तिप्पट दाट असता २/३, आठपट असता १/२ आणि चोवीसपट असता केवळ १/३ छिद्र-घनफळ पाणी सोडताच आघाडी विहिरीत पोहोचते. त्यातही पाणी थेंबाथेंबाने येत नाही. तिप्पट दाट तेलाच्या उदाहरणात काल शुद्ध तेल देणारी विहीर आज शेकडा ७५ भाग पाणी देऊ लागते. त्या क्षणी दोन-तृतीयांश तेल निघालेले असते. पुढे विहिरीच्या तोंडाशी संपृक्तता ०.७५ होईपर्यंत पाणी सोडत राहिले, तर एकूण २.७२ छिद्र-घनफळे पाणी लागते व तेलाची वसुली शेकडा ८५ च्या जवळ जाते. पहिल्या ०.६७ घनफळाने ६७ भाग तेल दिले. नंतरच्या दोनहून अधिक घनफळांनी जेमतेम १८ भाग. पाणी वेगळे करण्याचा सर्व खर्च या अठरा भागांसाठी असतो. अंतःक्षेपण कोठे थांबवावे, हा वाद येथूनच सुरू होतो.

संख्यात्मक प्रतिमान : चुकीचे अभिसरण

प्रत्यक्ष तेलक्षेत्र सरळ पट्ट्यासारखे नसते, म्हणून स्पर्शिकेची रीत तेथे चालत नाही. खडकाचे लहान कोष्ठांत विभाजन करून, काळाच्या लहान पायऱ्या घेऊन, प्रत्येक कोष्ठाची संपृक्तता संगणकाने काढावी लागते. पायरी किती लांब घ्यावी याला मर्यादा आहे. कूराँ, फ्रीड्रिक्स व लेवी यांनी १९२८ मध्ये दाखविल्याप्रमाणे एका पायरीत कोणत्याही संपृक्ततेने एका कोष्ठाहून अधिक अंतर कापता कामा नये. वरील उदाहरणात शंभर कोष्ठ घेतले व सर्वाधिक वेग २.२ धरला, तर एक छिद्र-घनफळ पाणी सोडण्यास निदान २२० पायऱ्या लागतात. ही अट मोडली की उत्तर भडकते आणि चूक लगेच दिसते. अशी चूक त्यामानाने निरुपद्रवी म्हटली पाहिजे. खरा धोका, उत्तर गुळगुळीत, स्थिर आणि चुकीचे असते तेव्हा असतो.

पहिला प्रकार पाहू. समीकरण ∂स/∂ट + फ′(स)·∂स/∂क्ष = ० असेही लिहिता येते. उत्तर सलग असेतो दोन्ही रूपे समान आहेत. या दुसऱ्या रूपावरून, फ′ची किंमत त्या-त्या कोष्ठातील संपृक्ततेवरून घेऊन, आज्ञावली लिहिली तर काय होते? सुरुवातीस प्रत्येक कोष्ठात पाणी शून्य आणि फ′(०) = ० आहे. पहिल्या कोष्ठातील बदल शून्याने गुणला जातो; तो कोरडाच राहतो. दुसऱ्या पायरीतही तेच. बाहेरून कितीही पाणी सोडले तरी आघाडी जागची हलत नाही. कोष्ठ हजार घेतले काय किंवा लाख घेतले काय, फरक पडत नाही. द्रव्याचा हिशेब राखणारे रूप सोडल्याची ही किंमत आहे.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. या वेळी हिशेब राखला आहे. दोन कोष्ठांमधील सीमेवरून जाणारे पाणी एकातून वजा होते आणि दुसऱ्यात मिळते. प्रश्न इतकाच की सीमेवरची पार्यता कोणत्या संपृक्ततेने काढावी? दोन्ही बाजूंची सरासरी घेणे स्वाभाविक वाटते, आणि सलग उत्तरांसाठी ती अधिक अचूकही असते. परंतु अझीझ व सेटारी यांनी तेलसाठ्यांच्या प्रतिमानांवरील आपल्या १९७९च्या ग्रंथात दाखवून दिले की बकली-लेव्हरेट प्रश्नात सरासरीची ही पद्धती जालक बारीक करत गेल्यावरही भौतिकदृष्ट्या अग्राह्य उत्तराकडे अभिसरण पावते. जालक निम्मे केल्यावर उत्तर बदलले नाही म्हणजे ते खरे, ही प्रयोगशाळांतून सर्रास वापरली जाणारी कसोटी येथे फोल ठरते. हार्टेन, हायमन व लॅक्स यांनी १९७६ मध्येच या दोषाची सैद्धांतिक बाजू स्पष्ट केली होती. एकस्वनी पद्धती, म्हणजे ज्यांत एखाद्या कोष्ठात आज अधिक पाणी असल्यामुळे उद्या कोठेही पाणी कमी होत नाही अशा पद्धती, एंट्रॉपीची अट पाळणाऱ्या उत्तराकडेच जातात. अन्य पद्धतींना तशी हमी नाही.

या कसोटीस उतरणारी सर्वांत साधी पद्धती म्हणजे सीमेवरची पार्यता प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या कोष्ठावरून घेणे. पाणी ज्या कोष्ठातून येत आहे तेथे किती पाणी आहे यावर ते किती येईल हे ठरते. पुढच्या कोष्ठाला त्यात बोलण्याचा अधिकार नाही. सरासरी घेणाऱ्याने पुढच्या, अजून कोरड्या असलेल्या, कोष्ठालाही मत दिले होते. मात्र वरच्या बाजूची ही पद्धती आघाडी पुसट करते. तिच्या चुकीचे गणितीय रूप विसरणाच्या पदासारखेच असते. केशिक दाबाने जे काम निसर्गात केले तेच ही चूक संगणकात करते आणि म्हणूनच ती योग्य उत्तर निवडते. तिचा गुण आणि दोष एकच आहे. अधिक अचूकतेची हाव धरून सुटका होत नाही, कारण पहिल्या श्रेणीहून अधिक अचूक अशी कोणतीही रैखिक पद्धती नव्या लाटा निर्माण केल्यावाचून राहत नाही, असे गोडुनोव याने १९५९ मध्ये सिद्ध केले आहे. पुढील काळातील सुधारित पद्धती आघाडीजवळ सावध व इतरत्र अचूक राहण्यासाठी मुद्दाम अरैखिक केलेल्या आहेत.

साठ्यातील दाब बुडबुडा-दाबाखाली गेला की तेलात विरघळलेला वायू सुटा होतो आणि तिसरी प्रावस्था अवतरते. दोन प्रावस्थांत आपण वेग मोजत होतो. तीनमध्ये दोन समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. बेल, ट्रँगेनस्टाइन व शुबिन यांनी १९८६ मध्ये दाखवले की प्रचलित असलेल्या स्टोन याच्या त्रिप्रावस्था सूत्रांनुसार संपृक्ततांच्या काही संयोगांत हे प्रवासवेग चक्क काल्पनिक संख्या येतात. तेथे ‘आघाडी पुढे जाते’ या विधानालाच अर्थ उरत नाही. हा दोष निसर्गाचा नसून मोजमापांच्या दरम्यान कल्पनेने भरून काढलेल्या सूत्राचा आहे. येथे त्याचा विस्तार करणे शक्य नाही.

पट्ट्याबाहेरचे जग :

आघाडी सर्वत्र एका रेषेत सरकते हे गृहीतही तपासले पाहिजे. सॅफमन व टेलर यांनी १९५८ मध्ये दाखवले की दाट द्रवास पातळ द्रवाने ढकलले तर सरळ आघाडी अस्थिर होते आणि पातळ द्रवाच्या बोटांसारख्या शाखा पुढे घुसतात. मुंबई हायचे तेल हलके असल्याने तेथे याहून वेगळी बाब निर्णायक आहे. तेथील मुख्य साठा चुनखडकाच्या थरांत असून थरांमध्ये शेल खडकाचे पातळ पापुद्रे आहेत. पाणी सर्व थरांत सारख्या वेगाने शिरत नाही.

दोन थरांचे उदाहरण पुरेसे आहे. दोन्हींत छिद्र-घनफळ सारखे, मध्ये अभेद्य पापुद्रा, आणि एकाची पार्यता दुसऱ्याच्या चौपट. प्रवाहाची ही वाटणी पुढेही टिकते असे स्थूलमानाने धरले तर सोडलेल्या पाण्याचे चार-पंचमांश पहिल्या थरात जाते. त्याच्या स्वतःच्या घनफळाच्या दोन-तृतीयांश पाणी त्यात शिरले की आघाडी विहिरीत पोहोचते. एकूण हिशेबाने हे ०.४२ छिद्र-घनफळालाच घडते. त्या वेळी दुसऱ्या थरात त्याच्या घनफळाच्या एक-षष्ठांश पाणीच गेलेले असते, आणि त्यातील तेल जवळजवळ तसेच पडून असते.

आता समजा, क्षेत्रावर पाणी खरोखरच ०.४२ ला आले. अभियंत्याजवळ एकजिनसी खडकाचे प्रतिमान आहे, पण अंतःक्षेपण-विहीर व उत्पादन-विहीर यांच्यामध्ये त्याने पाचच कोष्ठ घेतले आहेत. वरच्या बाजूची पद्धती इतक्या जाड जालकात आघाडी एवढी पसरवते की शेवटच्या कोष्ठातील प्रवाहात शेकडा पाच भाग पाणी ०.४ ते ०.४५ च्या दरम्यानच दिसू लागते. प्रतिमान आणि क्षेत्र यांचा मेळ बसतो. मात्र त्या मेळाचे कारण जालकाचा जाडपणा आहे, खडक नव्हे. कलंडलेल्या लाटेचे अशक्य उत्तरही ०.४५ च होते, हे येथे आठवावे. आगमनाचा एकच आकडा तीन असंबद्ध वाटांनी मिळू शकतो.

कोष्ठ वाढवणे हा सरळ उपाय, पण तो स्वस्त नाही. संगणकीय पद्धतींची तुलना करण्यासाठी क्रिस्टी व ब्लंट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणित उदाहरणात ६० × २२० × ८५, म्हणजे ११ लाख २२ हजार कोष्ठ आहेत. बारीक जालकाचे गुण टिकवून ते जाड कसे करावे, हाच त्या उपक्रमाचा विषय होता. जाड कोष्ठासाठी सापेक्ष पार्यतेचे वक्रच बदलून घेण्याची युक्ती काइट व बेरी यांनी १९७५ मध्ये सुचवली होती. ती उपयोगी असली तरी बदललेला वक्र त्याच विहिरींच्या जोडीपुरता, त्याच दरापुरता विश्वसनीय असतो. नवी विहीर खोदली की त्याची पुन्हा परीक्षा घ्यावी लागते, आणि ही परीक्षा घाईत वगळली जाण्याचा संभव अधिक.

दोन प्रतिमानांतील निवड केवळ पुस्तकी नाही. खडक एकजिनसी असेल तर लवकर आलेल्या पाण्यावर इलाज नाही. जे तेल निघायचे ते त्याच प्रमाणात निघणार. थर असतील तर पाणी देणारा थर सिमेंटने बंद करून उरलेल्या थराकडे पाणी वळवता येते, आणि तेथे पाच-षष्ठांश घनफळ अजून तेलानेच भरलेले असते. दोहोंतील फरक आगमनाच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी उत्पादन-विहिरीत प्रवाहमापक उतरवून निरनिराळ्या खोलींवर शिरणारे पाणी वेगवेगळे मोजावे लागते. एकजिनसी खडकात ते सर्व खोलींवर सारखे आढळते. थरांच्या खडकात ते एकाच पट्ट्यातून येत असते आणि त्याच्या खाली-वर अजून तेलच वाहत असते.